धोतराचे पंख

बडोद्याच्या महाराजांच्या कारकिर्दीची शेवटची वर्षं होती. मी चौथीत होते आणि दादा, माझा मोठा भाऊ, बडोद्यातच यंत्रकाम शिकत होता. त्याचे मास्तर जर्मनीला जाऊन आले होते. त्यांच्याकडच्या जर्मन मासिकात एका विमानाचं चित्र होतं. दोन इंजिनांचं, जर्मनीत बांधलेलं, आणि बल्गेरियाच्या लष्करात नवी पोरं त्यावर उडायला शिकत. मास्तरांनी वर्गाला सांगितलं, याची लहान प्रतिकृती करा. दसऱ्याच्या सकाळी ज्याची प्रतिकृती मैदानापार उडेल, त्या मुलाला मुंबईच्या विमान दुरुस्तीच्या कारखान्यासाठी शिफारशीची चिठ्ठी. एकालाच.

दादाला ती चिठ्ठी हवीच होती. तो घास न चावता गिळायला लागला.

"हे बल्गेरिया आलं कुठे?" वडिलांनी विचारलं.

"युरोपात."

"असं होय. तुझी घाई बघून वाटलं, आपल्या शेजारच्या वाघोडियाच्या अलीकडेच असेल."

दादाने खंडेराव मार्केटातून फळांच्या मोडक्या करंड्या आणून त्यांच्या बांबूच्या कांब्यांचा सांगाडा केला. इंजिनांच्या जागी दोन पंखे आणि ते फिरवायला पीळ द्यायच्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. पंखांना लावलेला कागद दोनदा फाटला. मी म्हटलं, कागद कशाला, धोतर लाव. वडिलांचं जुनं मलमलीचं धोतर मी ताणून शिवलं आणि त्याला तांदळाची खळ दिली. वाळल्यावर टिचकी मारली की डफासारखं वाजे. त्या दिवशी मी शंभरदा टिचकी मारली असेल.

मग खंडेनवमी आली. आईने विळी, अडकित्ता, वडिलांची लेखणी पाटावर मांडली. दादाने ऐटीत विमान नेऊन मध्ये ठेवलं. आईने हळदकुंकू वाहिलं आणि पळीपळीने सगळ्यांवर पाणी सोडलं. खळ विरघळली. आमच्या डोळ्यांदेखत पंख ओल्या फडक्यासारखे लोंबले.

दादाने हात पुढे केला.

"पूजेतलं उद्यापर्यंत हलवायचं नाही," आई म्हणाली.

"आई, उद्या सकाळी मैदानावर जायचंय."

"मग ठेवलंस कशाला? मी बोलावलं होतं तुझ्या विमानाला?"

दसऱ्याला आईने भल्या पहाटे उत्तरपूजा उरकली. अक्षता पडताच मी विमान ओढलं. पुन्हा खळ लावली, तांब्यात निखारे भरले आणि त्याच तांब्याने पंखांना इस्त्री केली. कापड जळलं तर संपलं, एवढंच डोक्यात होतं. दादा मागून सारखं "हळू, हळू" करत होता. त्याला म्हटलं, तू गप्प बस, नाहीतर तूच कर. पंख पुन्हा वाजले तेव्हा आम्ही दोघं धावत सुटलो.

मुलींना आत सोडत नव्हते, म्हणून मी मैदानाच्या भिंतीवर चढले. पहारेकरी म्हणाला, "ए छोकरी, नीचे ऊतर." मी उतरले नाही. बाकी सगळ्यांची विमानं निम्म्यात आपटली होती. दादाने दोन्ही पंख्यांना मोजून सारखाच पीळ दिला आणि सोडलं. ते सरळ आलं, मैदान ओलांडलं, माझ्या डोक्यावरून गेलं आणि रस्त्यावर एका टांग्याच्या टपावर उतरलं. मी भिंतीवरून उडी टाकली आणि टांग्यामागे पळाले.

विमान घेऊन परतले तेव्हा मास्तर चिठ्ठी लिहीत होते.