चांदनीला थांबलेली गाडी

बहिणीच्या मरणानंतर दीड वर्ष मी देवाशी बोलले नाही. मी सुईण. बऱ्हाणपूरजवळच्या फोपनार-निंबोल्याकडच्या कितीतरी लेकरांनी पहिला श्वास माझ्या हातांत घेतला, आणि माझीच धाकटी बहीण कौसा पहिल्या बाळंतपणात माझ्यासमोर रक्त जाऊन संपली. बाळही राहिलं नाही. तिची सासू एवढंच म्हणाली, "हिच्याच हातानं गेली." तेव्हापासून कुठून बोलावणं आलं की मला कौसाच दिसे. मी निरोप परतवू लागले.

संस्थानं देशात विलीन होत होती, तो काळ. नेपानगरला कागदाचा कारखाना उभा राहत होता, माती वाहायला बाया हव्या होत्या. तिथं मला सुईण म्हणून कुणी ओळखणार नाही, म्हणून मी बऱ्हाणपूरहून तिकडच्या गाडीत बसले. वाटेत चांदनी स्टेशनात गाडी थांबली ती हलेचना. पुढं रुळांवर झाड पडलं होतं. भर दुपार, पण बांबूच्या रानातून येणारं ऊन इतकं संथ, इतकं हिरवट, की बायकांचा तो डबा पाण्याखाली असल्यासारखा वाटत होता. समोर पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती, गावोगाव येशूच्या गोष्टी सांगत हिंडणारी. तिनं काही विचारलं नाही. का कोण जाणे, मीच तिला सगळं सांगून टाकलं.

तिची दोन लेकरं एकाच तापात गेली होती. सांगताना तिचा आवाज हलला नाही. "मी प्रभूला म्हटलं, हे ओझं माझ्यानं उचलत नाही, तू घे," ती म्हणाली. "सकाळी उठले की ते परत माझ्याच डोक्यावर असतं, माय. मग परत देते."

तेवढ्यात कोपऱ्यातली एक मजूर बाई कण्हू लागली. दिवस भरलेले होते. म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, माझ्यानं होणार नाही. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि डोळे मिटले. "प्रभू येशू, ही थकली आहे. तू हिच्याजवळ बस." मग मला म्हणाली, "मला सुईणपण येत नाही, प्रार्थना येते. तुला येतं ते तू कर."

बायांनी लुगड्यांचा आडोसा धरला. स्टेशनमास्तरांच्या घरून गरम पाणी आलं. मी हात धुतले आणि भीत भीतच सुरुवात केली. भीती कधी गेली, कळलंच नाही. एवढंच आठवतं, की मी एकटी नव्हते. माझ्या खांद्याशी कुणीतरी शांत बसलं होतं, आणि म्हातारी तर समोरच होती. मुलगी झाली, रडली. वार पडली, रक्त थांबलं. मग मी तिथंच बसले आणि कौसासाठी पहिल्यांदा रडले.

झाड हटल्यावर गाडी सुटली, आणि नेपानगरच्या गर्दीत म्हातारी दिसेनाशी झाली. नाव विचारायचं राहून गेलं. मातीचं काम न धरता मी दुसऱ्या दिवशी गावी, माझ्या सुईणपणाकडं माघारी आले. पुढं बऱ्हाणपूरच्या चर्चमध्ये जाऊ लागले, वर्षभरानं बाप्तिस्मा घेतला. कौसाच्या सासूकडंही गेले. म्हटलं, "मावशी, मला येत होतं तेवढं मी केलं. तरी ती गेली." ती मला बसही म्हणाली नाही. पण परत येताना केळीच्या बागांमधली वाट मला हलकी वाटली.

कौसाचं दुःख आजही आहे. त्याच्या कैदेतून तेवढं येशूनं मला सोडवलं. आता बाळंतिणीकडं निघताना, मी कुणाला वाचवायला चालले, असं मनात येत नाही. तो आधीच तिथं पोचलेला असतो. मी मागून जाते, हात धुते आणि कामाला लागते.