तडकलेल्या टाक्या आणि मागची भिंत

“बाई, मिस्त्रीनं भट्टीत पितळ जाळलं, एवढं लिहून द्या. सोमवारी त्याला घरी बसवतो.”

चिंचवडच्या एका कारखान्याचे मालक माझ्या टेबलावर पितळी टाकी आपटून बोलत होते. ते रॉकेलच्या स्टोव्हच्या टाक्या बनवायचे. टाक्या तयार होताना धड असायच्या आणि स्टोअरमध्ये पडल्यापडल्या आपोआप तडकायच्या. एखादीचा कुणाच्या स्वयंपाकघरात भडका उडाला असता म्हणजे? मालकांची झोप उडाली होती. सगळा राग भट्टी सांभाळणाऱ्या खंडू मिस्त्रींवर.

मी तेव्हा, एकोणीसशे पन्नासच्या दशकात, पुण्याच्या एका लॅबमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवायचे. यंत्राचं लोकांना अप्रूप होतं, आणि ते चालवणाऱ्या बाईचं त्याहून जास्त.

धातू दिसतो सलग, पण आतून असतो राजगिऱ्याच्या लाडवासारखा, दाण्याला दाणा चिकटलेला. दाण्यांमधल्या सांध्याला आम्ही ग्रेन बाउंड्री म्हणतो. आमच्या यंत्राचा झोत पितळातून आरपार जात नसे. म्हणून पितळ घासून चकचकीत करायचं, ॲसिड लावून सांधे उघडे पाडायचे, वर प्लास्टिकचा पातळ थर द्यायचा आणि वाळल्यावर सायीसारखा सोलायचा. फोटो त्या सायीचा. ती मेली सारखी फाटायची! माझा पारा भट्टीच्या वर गेला, तेव्हा कुठे एक धड निघाली.

फोटो स्वच्छ होता. तडा दाणे न फोडता सांध्यासांध्यांतून गेला होता. दाणे मात्र बारीक, एकसारखे. भट्टी जास्त तापली असती तर ते फुगले असते, सांधे वितळल्यासारखे दिसले असते.

“मिस्त्रींचा काही दोष नाही,” मी मालकांना सांगितलं. “प्रेसमध्ये दाबलेल्या पितळात ताण उरतो. त्याला दमट हवेत अमोनिया लागला की सांधे कुरतडले जातात.”

“माझ्या कारखान्यात अमोनियाची बाटलीसुद्धा नाही! सोमवारपर्यंत दाखवा, नाहीतर मिस्त्री घरी.”

झालं! मी तडक चिंचवड गाठलं. खंडू मिस्त्री रहाटणीचे, उंचेपुरे, नाकासमोर चालणारे.

“तडकलेल्या टाक्या कुठे ठेवल्या होत्या?”

“स्टोअरात, मागल्या पत्र्याच्या भितीला.”

“भिंतीमागे काय आहे?”

मिस्त्रींचे कान लाल झाले. “काय न्हाई बाई. मोकळंच हाय.”

स्टोअरकीपर छताकडे बघू लागला. फोरमनला एकदम काम आठवलं.

“मी बघून येते.”

“न्हाई, न्हाई! तिकडं साप हायेत!” मिस्त्री आडवेच आले.

मी वळसा घालून गेलेच. साप कुठला! पुढचं काम नाकानं केलं: अमोनियाचाच भपकारा! पत्रा खालून गंजून चाळणी झालेला, आणि तिथवर पायवाट पडलेली. अख्खा कारखाना त्याच भिंतीशी उभा राहत होता. मी पदर नाकाला लावला आणि पोट दुखेस्तोवर हसले.

मालकांना बोलावून घेतलं. ते भडकले. “इथं कोण येतं? नावं सांगा!”

 शेवटी मिस्त्रीच जमिनीकडे बघत पुटपुटले, “समदीच येत्यात, मालक. तुमीबी.”

मालक खोकले. मग म्हणाले, “उद्या गवंडी बोलवा.” स्टोअरपासून लांब, पार कुंपणाजवळ, पक्की मुतारी झाली. नव्या टाक्या तडकायच्या थांबल्या. आणि मिस्त्री त्या सोमवारीही भट्टीवरच होते.

“अहो, नोकरी जात होती तुमची! आधीच सांगायचं नाही का?” मी त्यांच्यावर उखडलेच.

“नोकरी दुसरी मिळंल, बाई. पर बाईमानसाम्होरं ते बोलायचं कसं?”

कपाळ माझं! तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात पितळ तडकलं म्हणून गेले की पहिला प्रश्न मीच विचारते, मुतारी कुठे आहे? साहेब लोक दचकतात. दचकू देत.