गळालेली प्रतिपदा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसतं. फाटकापलीकडे बेटाकडे जाणारा दगडी रस्ता, ओहोटीला उघडा, भरतीला पाण्याखाली. चालत अर्धा तास लागतो. रस्ता कधी बुडणार ते फळ्यावर खडूनं लिहायचं आणि वेळेवर फाटक लावायचं, ही शेजारच्या काकांची नोकरी. एकतीस वर्षं केली. त्यामुळे सगळ्यांचे ते फाटकवाले काका.

ऑफिसातून दर वर्षी भरती-ओहोटीचा छापील तक्ता यायचा. तो काकांच्या चौकीत चहाच्या किटलीखाली असे. "खुर्चीत बसून पाणी मोजणारी माणसं ती," असं म्हणून काका भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी बघत. "अमावास्येला रस्ता दहाला बुडतो. पुढं तिथीमागं अठ्ठेचाळीस मिनिटं. प्रतिपदेला पावणेअकरा, द्वितीयेला साडेअकरा. यात अवघड काय आहे?"

"यांचं घड्याळ चंद्रावर चालतं," काकू म्हणायच्या, "भूक मात्र सूर्यावर. बाराच्या ठोक्याला ताट लागतं."

काकूंचं घड्याळ कशावरच चालत नसे. दाराला कुलूप घालून परत उघडायचं, पिशवी विसरली म्हणून माघारी यायचं. काकांनी त्यांचं नाव उशीरमास्तरीण ठेवलं होतं. "ही लग्नात उशिरा आली, मयतालाही उशिराच पोचेल," हा त्यांचा ठरलेला विनोद. काकू हसून म्हणत, "तुमच्या आधी पोचायची घाई आहे कुणाला?"

या हिशेबात एकच खोच होती, आणि ती काकांनीच मला समजावली होती. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच सुरू होऊन संपते. तिच्या वाट्याला स्वतःचा दिवसच येत नाही. मग कॅलेंडरात काल अमावास्या, आज एकदम द्वितीया. "पण पाण्याला उडी मारता येत नाही. ते रोजच्याइतकंच सरकतं. तिथी गळाली की आजचा चौकोन बघायचाच नाही. कालच्या फळ्यात अठ्ठेचाळीस मिळवायचे."

त्या अमावास्येला काकांनी दाढ काढायला रजा घेतली. फळा बदली माणसानं लिहिला, छापील तक्ता बघून. दुसऱ्या सकाळी काका गाल सुजवून, डोक्याला मफलर बांधून कामावर आले. कालचा फळा पुसलेला होता. त्यांनी आजचा चौकोन पाहिला, द्वितीया. फळ्यावर लिहिलं, 'रस्ता बंद ११.३०.' 'प्रतिपदा क्षय' हे बारीक अक्षरातले दोन शब्द कालच्या चौकोनात होते.

काकूंची बहीण बेटावर आजारी होती. त्या दिवशी काकू डबा घेऊन निघाल्या. खिडकीखालून मला ओरडून म्हणाल्या, "बघ गं घड्याळ, आज मी वेळेवर!" मी लसूण सोलत होते. पाहिलं, साडेदहा.

फाटकाशी त्यांनी विचारलं, "किती वेळ आहे हो?" काकांना तोंड उघडवत नव्हतं. त्यांनी एक बोट वर केलं. एक तास.

"आज तोंड बंद, म्हणजे माझी चंगळ," म्हणून काकू गेल्या.

पावणेअकराला पहिल्या खांबाशी पाणी चकाकलं. मला वाटलं, ऊन असेल. मग काकांची शिट्टी ऐकू आली. थांबून थांबून नाही, सलग. ते मफलरासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरले होते आणि दोन कोळी त्यांना मागं ओढत होते. काकू अर्ध्या वाटेवर होत्या. संध्याकाळी त्यांना होडीतून आणलं. डब्याचं झाकण घट्टच होतं.

पंधरा दिवसांनी चौकशीचे साहेब काकांच्या घरी आले. माणूस वाईट नव्हता. चहा मी नेला.

"काका, निवृत्तीला पाच महिने राहिलेत तुमचे," ते हळू आवाजात म्हणाले. "बाईंना उशीर करायची सवय होती, सगळी वस्ती सांगते. तुम्हीच सांगत होता म्हणे. फळ्यावर काय होतं ते आता कुणाला आठवतंय? त्या उशिरा निघाल्या, एवढंच लिहा. पेन्शनला धक्का लागणार नाही."

काकांनी कप बाजूला सारला. मग त्यांनी कागद ओढून घेतला. अक्षर फळ्यावर असायचं तसंच, मोठं आणि सुटं. 'प्रतिपदा गळाली होती. मी द्वितीया धरली. तक्ता बघितला नाही. बायको साडेदहाला निघाली, वेळेत निघाली.'

"साक्षीदार?" साहेबांनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तू घड्याळ बघितलं होतंस ना गं?"

"बघितलं होतं," मी म्हणाले. हातातला ट्रे खाली ठेवला आणि सही केली.