पाव फेरा सैल

बाबांच्या बंदुकीचा परवाना पीक राखण्यासाठीचा होता. एकनळी बंदूक. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची, हे आमच्या घरात सणावारासारखं ठरलेलं होतं. पोलादपूरच्या अलीकडच्या आमच्या गावात ती कुणावर रोखली गेल्याचं मला आठवत नाही. माकडांवरसुद्धा नाही. बाबा काडतुसात छर्रे घालतच नसत. आत दारू, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती, आणि वर कागदी नळीची आत वळवलेली कड. नुसता आवाज.

भात कापून झालं की आमच्याकडे त्याच ओलीवर वाल पेरतात. शेंगा धरल्या की डोंगरातून माकडं उतरतात, भर दुपारी, मालक असल्यासारखी. बाबांनी बांधावर उभं राहून एक बार काढला की टोळी कड्यापर्यंत मागे जायची आणि दोन दिवस फिरकायची नाही. आसपासच्या आठ-दहा घरांचा वाल त्या एका आवाजावर हाती यायचा. बाबांचं गावातलं नाव तेवढंच होतं, पण पक्कं होतं: यांचा बार फुकट जात नाही.

वाजवलेली काडतुसं ते घरीच पुन्हा भरत. कड आत वळवण्याला ते मुरड म्हणायचे, करंजीला घालतात ती. त्याचं एक लोखंडी हत्यार होतं. शेवया करायच्या यंत्रासारखं टेबलाच्या कडेला आवळायचं, काडतूस खाचेत ठेवायचं, डाव्या हाताने दांडा दाबायचा आणि उजव्या हाताने मूठ फिरवायची. समोरची डाय, म्हणजे खोलगट साचा, गोल फिरत कागदाची कड आत वळवते. डाय दोन होत्या. एक हत्यारासोबत आलेली, खोल, नव्या काडतुसांच्या ताठ कडेसाठी. दुसरी बाबांनी स्वतः लेथवर काढलेली, जरा उथळ. तीन-चार वेळा भरून कड नरम पडलेल्या काडतुसांसाठी. महाडच्या एमआयडीसीत ते फिटर होते, त्यामुळे डाय हा शब्द आमच्या घरात पातेलं या शब्दाइतकाच रोजचा होता. काडतूस डायमध्ये किती आत जाईल ते मागच्या एका स्क्रूवर ठरायचं. तो जिथे थांबवायचा तिथे बाबांनी लाल रंगाची बारीक रेघ मारली होती.

"दारूला कोंडलं तर ती बोलते," ते म्हणायचे. "मुरड सैल राहिली तर चकती आधीच उडते नि ती नुसती उसासा टाकते."

त्यांच्या अंगठ्यांना सांधेदुखीने धरलं तेव्हा मुरडीचं काम माझ्याकडे आलं. मी महाडला एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. रविवारच्या एसटीने गावी जायचे. दारूचं माप बाबा घालायचे, मुरड मी. झाल्यावर चकतीवर नखाने दाबून बघायचं. हलली तर पुन्हा दांडा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना बारीक दिसत नव्हतं आणि अंगठ्याला दाब सोसत नव्हता. म्हणून नख माझंच. एक काडतूस व्हायला मिनिटभर लागायचं, आणि त्या मिनिटात आम्ही बोलत नसू. मला ते आवडायचं. पुस्तकांना कव्हर घालण्यासारखं काम होतं.

एका वर्षी पौषात बाबा बांधावरून घसरून पडले. बंदूक भरलेली होती. उडाली नाही, एवढंच. ते उठले, चपलेला शिव्या दिल्या आणि बार काढूनच घरी आले. मला हे शेजारच्या काकीने सांगितलं. काकीचं वालाचं शेत आमच्या शेताला लागून. ती म्हणाली, "तुझा बाप पडला तसा बंदूक वर धरून पडला गो. गुडघा फुटला, नळीला माती नाय लागली."

ती हसत होती. मला हसू आलं नाही. आई गेल्यापासून ते एकटे होते. महाडला माझ्याकडे चला म्हणून मी तीन वर्षं मागे लागले होते. उत्तर एकच: "मी आलो तर माकडं कोण हाकलील? तू?"

पुढच्या रविवारी मी हत्यार टेबलाला लावलं. बाबा आत माप घालत होते. मी मागचा स्क्रू लाल रेघेपासून पाव फेरा मागे घेतला. हे सगळं मी हळूच, जाणूनबुजून केलं, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. सैल मुरडीचं काडतूस घातक नसतं, नुसतं फुसकं असतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. बार फुसके निघाले की बंदुकीवरून त्यांचं मन उडेल, बंदुकीवरून उडालं की गावावरून उडेल, असा माझा हिशेब होता. चकती नखाखाली हलत होती. बाबांनी आतून विचारलं, "बसली?"

"बसली," मी म्हटलं.

पहिला बार फुसका निघाला तेव्हा मी तिथेच होते. नळीतून धूर आला, कुणीतरी ओलं पोतं आपटावं एवढाच आवाज झाला, आणि माकडं हलली नाहीत. एका माकडिणीने शेंग सोलता सोलता मान वळवून बाबांकडे पाहिलं आणि पुन्हा सोलायला लागली. पलीकडच्या शेतातून कुणीतरी ओरडलं, "दादा, बंदुकीला पडसं झालंय. वाफ द्या तिला."

सगळे हसले. बाबाही हसले. दुसरं काडतूस घातलं. तेही तसंच.

महिनाभर हे चाललं. बाबांनी आधी दारूला दोष दिला. मग दमट हवेला. काडतुसं चुलीपासून लांबच्या फळीवर ठेवून बघितली. एका रविवारी मी पोचले तेव्हा ते पडवीत उन्हाला बसले होते. समोर ताटात वाळू होती आणि हातात दारूचं पितळी माप. ते माप वाळूने भरायचे, पट्टीने सपाट करायचे, कागदावर उलटं करायचे आणि डोळे जवळ नेऊन बघायचे. हाताच्या कंपाने थोडी वाळू प्रत्येक वेळी ताटाबाहेर सांडत होती. माझी चाहूल लागल्यावर वर न बघता म्हणाले, "मुरड तुझी चांगली हाय. माप माझं चुकतंय. सांडतं नि मला कळत नाय."

बोलायची जागा तीच होती. मी चहा ठेवायला आत गेले.

तोवर काकीचा अर्धा वाल गेला होता. ती बाबांना काही बोलली नाही. बाबाच तिच्या दारात जाऊन म्हणाले, आता माझ्या भरवशावर राहू नका. मग बंदूक आणि उरलेली काडतुसं पोलीस ठाण्यात जमा केली, परवाना परत दिला आणि एका पिशवीत कपडे भरून महाडला आले. मला हवं होतं ते सगळं झालं.

माझ्याकडे ते दीड वर्ष राहिले. गुडघा बरा झाला, जेवण वेळेवर झालं. फक्त ते कशाचंही माप घालेनासे झाले. चहात साखर घालायची असली तरी बरणी माझ्याकडे सरकवायचे. "तूच घाल. माझं माप चुकतं." रुसून नाही, साधेपणाने, चष्मा कुठे ठेवलाय ते सांगावं तसं. दिवसातून तीनदा मी त्यांना साखर घालून दिली आणि तीनदा गप्प राहिले. दीड वर्षं. नंतर एका सकाळी झोपेतच गेले.

दिवस गावी केले. तेराव्याच्या जेवणानंतर पुरुष पडवीत सुपारी कातरत बसले होते आणि बाबांच्या आठवणी निघाल्या होत्या. प्रेमाच्याच होत्या. त्यांचे जुने बार निघाले, आणि मग शेवटची ती फुसकी काडतुसंही निघाली. "हात गेला होता त्याचा," एक म्हातारे म्हणाले. "वय कुणाला सुटत नाय."

मी आत काकीबरोबर भांडी पुसत होते. तिला सगळं सांगितलं. स्क्रू, लाल रेघ, नखाखाली हलणारी चकती. ती पुसत असलेली परात तिने खाली ठेवली.

"म्हणजे माझा वाल तू खाल्लास तर," ती म्हणाली. मग परात पुन्हा उचलून म्हणाली, "मला काय सांगतेस? तिकडं सांग. हात गेला म्हणतात ना ते, त्यांना सांग."

मी माळ्यावरून हत्यार काढलं. स्क्रू मी सोडला होता तिथेच होता, पाव फेरा मागे. ते पडवीत नेऊन ठेवलं आणि उभ्याने सगळं सांगितलं. रेघ दाखवली. माप चुकलं नव्हतं, हात गेला नव्हता, मी केलं, असं म्हटलं. पुरुषांनी हत्यार एकमेकांच्या हातात दिलं, मूठ फिरवून पाहिली. मग त्या म्हाताऱ्यांनी ते अलगद माझ्याकडे परत केलं.

"बाय, बस. दमलीस तू," ते म्हणाले. आणि बाकीच्यांकडे वळून, "बघा. लेक असावी तर अशी. बापाच्या नावाला डाग नको म्हणून स्वतःवर घेते."

"ती खरं सांगतेय," दारातून काकी म्हणाली.

"तू पण तिच्याच बाजूची," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे मायेने हसले. मी पुन्हा सांगितलं. जितकं सांगत गेले तितके त्यांचे डोळे ओले होत गेले. एकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाबांचा हात गेलेलाच राहिला आणि मी गुणी ठरले. आज त्या गावात माझं जेवढं कौतुक आहे तेवढं कधी नव्हतं.

निघताना काकी एसटीच्या थांब्यापर्यंत आली. गाडी आली. मी पायरीवर चढल्यावर म्हणाली, "पौषात शेंगा धरतील. रविवारी येत जा. माझ्याकडं तेलाचा रिकामा डबा हाय. तो बडवायचा."

मी जाते. स्क्रू रेघेवर आणून ठेवला आहे. त्याचा आता उपयोग नाही. बाबा उभे राहायचे त्या बांधावर मी डबा घेऊन दुपारभर उभी असते, आणि काकी तिच्या कडेने वाकून खुरपत असते. ती मला अजून चहा विचारत नाही. मी डबा बडवला की पुढची दोन-तीन माकडं उठतात, चार पावलं जातात आणि बसतात. बाकीची शेंग सोलत मान वळवून बघतात. मग काकी वर न बघता म्हणते, "जोरात."

मी जोरात बडवते.