बारा झाडं, बारा खांब

वही मी झाडांसाठी घातली होती. नंबर, उंची, खोडाची जाडी, कोणती फांदी काढली, कुणी काढली, बस्स. पण चार माणसं दर रविवारी झाडांना वळण लावायला जमली की वहीत झाडं कमी आणि माणसंच जास्त शिरतात. परवा वही संपली म्हणून चाळून पाहिली, तर पानांपेक्षा समासच जास्त भरलेले!

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत महानिंबाची बारा रोपं आहेत. सुलभाताईंनी ती स्वतःच्या बाल्कनीत बी रुजवून केली. त्या निवृत्त परिचारिका. महानिंब भराभर वाढतो, पण लक्ष दिलं नाही तर वाटेल तिकडे जातो. सहा महिन्यांत बाराही झाडं बारा दिशांना!

सेक्रेटरी येऊन बघून गेले. "ही झाडं आहेत की लग्नाहून परतलेली वरात? वर्षभर देतो. बाराच्या बारा जिवंत आणि सरळ दिसली तर ठेवू. एक जरी कमी भरलं, तर इथे पार्किंग!"

पार्किंगचा नकाशा त्यांच्या खिशात तयारच होता.

*

आधाराला खांब हवे होते. लोणी काळभोरचे नर्सरीवाले तात्या टेम्पोतून घेऊन आले.

"अकरा जुने हायत. एक कमी पडला, म्हून सकाळीच बांधावरनं तोडलाय. पर झाडं उभी ऱ्हायली की माझे बाराच्या बारा परत पायजेत."

मी वहीत लिहून घेतलं : खांब बारा, परत करणे.

*

छाटणीच्या पहिल्याच रविवारी तीन नंबरला दोन शेंडे निघाले. सरळ खोड हवं तर एकच शेंडा ठेवायचा, दुसरा काढायचा. कात्री सुलभाताईंच्या हातात. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली.

"दोन्ही चांगले आहेत हो!" त्या काकुळतीने म्हणाल्या.

बापट सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. गेली वीस मिनिटं ते शिडी धरून उभे होते. म्हणाले, "ताई, शेंडा निवडायचाय. स्थळ नाही."

शेवटी ताईंनी एक कापला. कापायच्या आधी झाडाला म्हणाल्या, "काही दुखणार नाही हं. मुंगी चावल्यासारखं वाटेल."

*

आमच्यातला चौथा प्रणय. यवतमाळचा, आयटीतला. झाडं सरळ कशी करावीत याचे व्हिडिओ बघून येतो. एका रविवारी त्याने चार नंबर नायलॉनच्या दोरीने खांबाला असा करकचून आवळला की महिन्यात दोरी सालीत रुतली.

"काहून ओरडता, सर? मी तर व्हिडिओ पाहूनच बांधलो!"

"कशाचा? ट्रकवर सामान बांधायचा?"

मग सुलभाताईंनी घरून जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून आणल्या. झाड आणि खांब यांच्यात इंग्रजी आठासारखा सैल वेढा. झाडाला आधारही मिळतो आणि हलायला जागाही राहते. दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भाजी घेऊन येताना चार नंबरपाशी थबकल्या.

"सुलभाताई, ही मी तुम्हाला वास्तुशांतीला दिलेली साडी ना?"

"हो ना," ताई शांतपणे म्हणाल्या. "उन्हापावसात आहे, पण रंग गेला नाही बघा!"

*

सेक्रेटरी मधूनच येऊन नाक मुरडायचे. "सात नंबर डावीकडे झुकलाय."

बापट सरांनी पिशवीतून गवंड्याचा ओळंबा काढला, सात नंबरशेजारी लोंबता धरला. झाड दोरीला बरोब्बर समांतर! मग सर तोच ओळंबा घेऊन भिंतीपाशी गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

"झाड सरळ आहे. भिंत वाकडी आहे."

सेक्रेटरी म्हणाले, "भिंतीला मंजुरी आहे!"

*

पोरं खेळून दमली की झाडांना टेकायची. सरांनी सुंदर अक्षरात पाटी लावली : 'झाड स्वतःच अजून आधाराने उभे आहे. टेकणाऱ्याने घरी आधार शोधावा.'

*

आता नऊ नंबर.

उन्हाळ्यात ते रुसलं. सगळी पानं गळाली. मी वहीत लिहिलं : काळजी. सुलभाताई रोज संध्याकाळी बादलीभर पाणी घालायच्या. पार्किंगचं नाव कुणी काढत नव्हतं.

महिन्याने ग्रुपवर प्रणयचा मेसेज, "नऊ नंबर फुटला बाप्पा!!!"

सगळे धावलो. खरंच, हिरवीगार फूट! ताईंनी डोळे पुसले, सरांनी चष्मा. शेजारचा खांब मात्र वाळून पार काटकुळा झाला होता. प्रणयने तो उपटून फेकला. "आता याले आधार कायले पाहिजे?"

पानं जरा वेगळी वाटली मला. सर म्हणाले, "आजारातून उठलंय. टायफॉइडनंतर माझेही केस कुरळे आले होते."

आम्ही बाजूचे फुटवे काढले, एकच शेंडा ठेवला. वहीत नोंद : नऊ नंबर. सर्वांत सरळ. खोड अनपेक्षित जाड.

वर्ष भरलं. सेक्रेटरी कमिटीला घेऊन आले. नेमके त्याच सकाळी तात्याही खांब न्यायला टेम्पो घेऊन हजर.

सेक्रेटरींनी बोट नाचवत मोजली. बारा भरली. मग नऊ नंबरपाशी थांबले. खोड हलवून पाहिलं. हललं नाही.

"बाकीची ठीक आहेत. पण झाड म्हणजे हे! इतरांनी शिकावं याच्याकडून." त्यांनी नकाशाचे चार तुकडे केले, "राहू द्या बारा," म्हणाले, आणि नऊ नंबरला ऐटीत टेकून फोटोला उभे राहिले.

तिकडे तात्यांनी खांब मोजले. पुन्हा मोजले.

"अकराच हायत."

"एक वाळला होता जी," प्रणय म्हणाला. "मीच फेकलो."

"कुठला?"

"नऊ नंबरचा."

"त्यो वाळला?" तात्या हसले. "अवो, त्योच तर बांधावरचा ताजा व्हता. गिरिपुष्प हाय त्यो. नुसता रोवला तरी फुटतोय. आमी कुंपन करतो त्याचं!"

बोलता बोलता त्यांची नजर नऊ नंबरवर गेली. कमरेच्या उंचीवर त्यांच्या कोयत्याचा जुना घाव होता. सुलभाताईंनी माझी वही घट्ट धरली. सर आभाळाकडे बघायला लागले.

तात्यांनी ताईंकडे पाहिलं. मग सेक्रेटरींकडे. अकरा खांब टेम्पोत टाकले, फाळका लावला, आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले,

"बारावा ऱ्हाऊ द्या. साहेब टेकल्यात त्याला!"