मामांच्या छातीतला करंट

विजेवर माझ्या मामांइतकं प्रेम करणारा आणि विजेचा त्यांच्याइतका संशय घेणारा माणूस दिंडोरी तालुक्यात दुसरा नसावा. द्राक्षबागांतल्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. लग्नातही अक्षता टाकण्याआधी ते मांडवाच्या खांबाला टेस्टर लावून बघतात. रबरी चपला फक्त झोपताना काढतात. दहावीत मला गणितात कमी मार्क पडले, तेव्हा त्यांनी आधी आमच्या घराचं अर्थिंग तपासलं होतं. पण पंचक्रोशीत त्यांची खरी ओळख चहावरून. मोटर जळालेली असली की मामा तसं सांगत नाहीत. झाकण लावतात आणि शांतपणे म्हणतात, "मालक, चहा टाका." मालक कपाळाला हात लावून खाली बसतो. चहाचं नाव न काढता मामा उठले, तर मोटर वाचली.

मी नाशिकला ईसीजी काढायला शिकतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला काय येतं हे सांगताना अजूनही अडखळतो. एका दुपारी मामा तांब्याची तार घ्यायला शहरात आले होते, ते मला भेटायला हॉस्पिटलात डोकावले. शर्ट घामाने भिजलेला, हात छातीवर.

"काय नाय रे, मिसळ बाधली."

सिस्टरांनी एकदा बघितलं, त्यांना खाटेवर झोपवलं आणि मला म्हणाल्या, "ईसीजी लाव, लवकर."

मामा चपला काढेनात.

"तू करंट सोडणार आन् मी चपला काढू?"

"मामा, मशीन करंट सोडत नाही. तुमच्या हृदयातला मोजतं."

"माझ्यात करंट हाय?" तेवढ्या दुखण्यातही त्यांचा चेहरा उजळला. "आन् अर्थिंग?"

मी उजव्या पायाची वायर दाखवली, तेव्हा कुठे चपला काढून ते स्थिर पडले.

कागद सरकू लागला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून वीज जाते तो बारका उंचवटा, खालच्या कप्प्यांतून जाते ते उंच टोक. मग रेघ जमिनीवर येते आणि पुढच्या ठोक्याची तयारी करताना पुन्हा हलकेच फुगते. मामांची रेघ टोकावरून उतरली, पण जमिनीवर आलीच नाही. वरच तरंगत राहिली. शेजारच्या वायरींतही तेच. हार्ट अटॅकचं हे चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं, पण पुस्तकातल्या छातीला नाव नसतं.

कागद घेऊन सिस्टर डॉक्टरांकडे धावल्या. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय दिसलं?"

मी वायरी नीट करू लागलो.

"मामा... चहा घेणार का?"

 ते हळूच म्हणाले, "जळाली?"

"नाही. जळायला लागलीय. डॉक्टर येतायत."

"मंग पळ ना! चहा कसला टाकतो!"

त्याच दुपारी डॉक्टरांनी बंद झालेली रक्तवाहिनी उघडली. मामा वाचले. आता ते विहिरीत उतरत नाहीत. बांधावर खुर्ची टाकून दुसऱ्यांनी उघडलेल्या मोटरी लांबूनच बघतात, टेस्टर मात्र खिशात असतो. तपासणीला आले की ईसीजी मीच काढतो. कागद सरकत असतो तोवर मामा श्वास रोखून माझं तोंड वाचत असतात. रेघ जमिनीवर आलेली दिसते, मला हायसं वाटतं, कॅन्टीनला जावंसंही वाटतं. पण मी चहाचं नाव काढत नाही. नुसतं म्हणतो, "चला मामा." आणि ते खाटेखाली वाकून चपला शोधू लागतात.