माझ्या नावावर घातलेलं इन्स्टॉलेशन

कामोठ्याला एका क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली बारावीची मुलं रसायनशास्त्र घोकायची, वर आम्ही मोजकी माणसं सॉफ्टवेअर बनवायचो. खरं तर बनवायचे दुसरे. मी ते ग्राहकाच्या मशीनवर नीट बसेल असं बांधून द्यायचे. माझे वडील करंजाड्याचे. शेत नव्या वसाहतीत गेलं तेव्हापासून त्यांच्या हाताशी वेळच वेळ होता, तो ते माझी चौकशी करण्यात घालवायचे.

"म्हंजे बनवतो दुसरा नि तू खोक्यान भरतंस," एकदा सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले.

"तसंच समजा," मी म्हणाले. त्यांना समजावणं सोपं नव्हतं. ऑफिसातल्यांनाही कधी समजलं नाही.

आमचं मुख्य सॉफ्टवेअर एर्लांग नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं होतं. कंटेनर यार्डात कुठला डबा आला, कुठला गेला, याचे निरोप ते एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवायचं. ते माझ्या कॉलेजातल्या मित्राने लिहिलं होतं. आम्ही एकाच बाकावर बसून शिकलो, एकाच आठवड्यात नोकरीला लागलो. तो हुशार होता, यात वाद नाही. पण आपल्या लॅपटॉपवर चाललं की काम संपलं, असं तो धरून चालायचा.

ग्राहकांच्या मशीनवरची ऑपरेटिंग सिस्टिम मात्र एका जातीची नव्हती. कुणाकडे लिनक्स, त्यातही दोन-तीन तऱ्हेचं. कुणाकडे फ्रीबीएसडी, कुणाकडे जुनं सोलारिस. प्रत्येकाची पॅकेज बांधायची रीत वेगळी, फाइली ठेवायच्या जागा वेगळ्या. लिनक्सवर फाइलीत शब्द शोधून नुसतं हो की नाही सांगणारी एक साधी कमांड आहे, सोलारिसवरच्या तिच्या जुन्या भावंडाला तो पर्यायच ठाऊक नव्हता. असल्या गोष्टींपायी माझे आठवडे जायचे. ग्राहकाने बदललेली सेटिंग नव्या आवृत्तीने पुसायची नाही, त्याच्या डेटाला हात लावायचा नाही, एर्लांग चालवायची सोय त्याच्याकडे नसेल तर तीही आपल्याच पॅकेजमधून द्यायची. हे सगळं एका जागी लिहावं आणि प्रत्येक मशीनचं पॅकेज त्यातून आपोआप निघावं, असं एक साधन मी हळूहळू तयार केलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला त्याचा अभिमान होता.

माझ्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा उरणकडच्या एका यार्डाला नवी आवृत्ती द्यायची होती. त्यांचं मशीन सोलारिसचं. पॅकेज तयार होतं, पण जुन्यावर नवं चढवताना एक गडबड दिसत होती. मी सरांना, म्हणजे मालकांना, स्पष्ट सांगून रजेवर गेले की मी परत येईपर्यंत यार्डात काही टाकू नका. मित्र शेजारीच चष्मा पुसत उभा होता.

"बिनधास्त जा," तो म्हणाला. "हळदीला मी येतोच."

तो हळदीला आला नाही. बँजोच्या आवाजात फोन ऐकू येत नव्हता, म्हणून मी तो आत कपाटात ठेवून दिला होता. लग्न लागल्यावर पाहिलं, तर ऑफिसातून कितीतरी फोन येऊन गेले होते. सरांना लावला.

"यार्ड बंद पडलंय," ते म्हणाले. "तुझ्या पॅकेजने त्यांचा डेटा उडवला. उद्या सकाळी तिथे जा."

मी हातावरची मेंदी घेऊन उरणला गेले. यार्डाच्या ऑफिसात कारकून कागदी पावत्यांचे गठ्ठे पुढ्यात घेऊन नोंदी पुन्हा टाइप करत होते. कुणी वर पाहिलं नाही. मॅनेजर मात्र उभे राहून बोलले, आणि जे बोलले ते सगळ्या खोलीने ऐकलं. मी मान खाली घालून मशीनसमोर बसले.

थोड्याच वेळात ध्यानात आलं की माझं पॅकेज तिथे बसवलेलंच नव्हतं. एर्लांगचा तयार कोड कुठल्याही जातीच्या मशीनवर चालतो, म्हणून कुणीतरी लॅपटॉपवरचं अख्खं फोल्डर उचलून जुन्यावर ओतलं होतं. त्या फोल्डरात चाचणीचा रिकामा डेटाबेसही होता. तो यार्डाच्या भरलेल्या डेटाबेसवर जाऊन बसला होता.

शेजारी तिथला ऑपरेटर बसला होता, उरणच्या कोळीवाड्यातला, वयाने मोठा माणूस. मी त्याला हळूच विचारलं, "हे कोणी टाकलं?"

"तुमचा तो चष्मेवाला आलेला ना, सीडी घेऊन. अर्ध्या तासान झाला म्हनला नि गेला. तुमी तं नवत्याच."

मागच्या आवृत्तीच्या वेळी माझ्या पॅकेजने डेटाची एक प्रत बाजूला काढून ठेवली होती, ती सापडली. त्यानंतरचं मात्र सगळं गेलं होतं. जेवढं उभं करता आलं तेवढं केलं आणि संध्याकाळी रिक्षाने, मग बसने कामोठ्याला आले. घरी नव्या नवरीच्या पूजेची तयारी चालली होती. मी आधी ऑफिसात गेले.

सरांना सांगितलं तेव्हा ते जराही चकित झाले नाहीत.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "मीच त्याला पाठवलं होतं. ग्राहक घाई करत होता."

"मग तुम्ही त्यांना माझं नाव का सांगितलं?"

"बस जरा. हे बघ, प्रोग्राम लिहिणाराच चुकला असं कळलं, तर ग्राहक म्हणणार, प्रोग्रामवरच भरवसा नाही. पॅकेजिंगमध्ये गडबड झाली म्हटलं की लोक समजून घेतात. तुला कोणी कामावरून काढतंय का? मग झालं तर."

ते शांतपणे, जवळजवळ मायेने बोलत होते. मला ओरडायला काही उरलंच नाही. बाहेर मित्र आपल्या टेबलाशी बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तू काहीच बोलला नाहीस?"

"सर म्हणाले, ते बघून घेतील," तो म्हणाला. त्याची नजर स्क्रीनवरच होती. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी खूप लावून घेतलं. तरी लगेच सोडलं नाही, याचा मला आजही राग येतो. पनवेलच्या आसपास असलं काम दुसरीकडे नव्हतं आणि माझं साधन टाकून जायचा जीव होत नव्हता. यार्डाचे लोक फोनवर माझा आवाज ओळखून म्हणायचे, "तुम्ही नको, दुसऱ्या कुणाला द्या." मी फोन मित्राकडे द्यायचे. तो माझ्या तोंडाकडे बघून विचारायचा, मी सांगायचे, आणि तेच तो फोनवर त्यांना सांगायचा.

पुढे कंपनीने माझं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. आपली चीज आता बाहेरचे लोकही वापरतील, म्हणून मी हरखले होते. बंगळुरूला एका परिषदेत त्यावर भाषण ठेवलं आणि पाठवलं मित्राला. "तो बोलतो चांगलं," सर म्हणाले. त्याचा फोटो कंपनीच्या संकेतस्थळावर लागला. खाली त्याला साधनाचा जनक म्हटलं होतं. त्या महिन्यात मी राजीनामा दिला. निरोपाला त्यांनी सामोसे मागवले. मित्राने दोन शब्द बोलताना कॉलेजातल्या आमच्या बाकाची आठवण काढली आणि सगळे हसले. मीही हसले.

आता मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. त्या साधनाकडे बघायचं मी सोडून दिलं होतं. मधे कितीतरी वर्षं गेल्यावर एका दुपारी मित्राचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, मुलांच्या शाळा झाल्या. मग तो म्हणाला, "अगं, एक विचारायचं होतं. फ्रीबीएसडीच्या भागात तू युजर बनवताना त्याला वेगळं होम फोल्डर दिलंयस. ते काढलं तर चालेल ना? इथे नवी मुलं विचारतायत."

"काढू नकोस," मी म्हणाले. "एर्लांग आपली गुप्त किल्ली त्या फोल्डरात ठेवतं. ते नसलं तर सर्व्हर सुरूच होणार नाही."

"बघ, माझ्या डोक्यातच आलं नाही. थँक्स हं."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. खोलीत माझ्या सहकारी बाई पेपर तपासत बसल्या होत्या. कोणाचा फोन, त्यांनी विचारलं.

"जुन्या ऑफिसातला," मी म्हणाले. "त्यांचं काहीतरी अडलं होतं."